धसक्यावर गोळी असते का?

वाचकांची पत्रं, दवाखान्यातून उत्तरं

मागच्या अंकात मी जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं: जो माणूस वर्षानुवर्षं पित्ताच्या गोळ्या नेतो, त्याला एकदा दार लोटून विचारावं, "बाबा, काही घडलं होतं का?" त्या वाक्यावर इतकी पत्रं आली की मधुमेहाचे प्रश्न या वेळी मागे ठेवलेत. मधुमेहवाल्यांनी रागावू नये, साखर पुढच्या महिन्यातही असणारच आहे.

आधी एक कबुली. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी दहा बाय बाराच्या गाळ्यात 31 वर्षं बसलेली साधी एमबीबीएस डॉक्टर आहे. माझ्या बाकावरच्या बायका 'मानसिक' हा शब्द ऐकला की पदर सावरून उठतात. 'धसका' म्हटलं की बसतात. पुस्तकात त्याला आघातोत्तर ताणविकार म्हणतात, शहाणे लोक पीटीएसडी म्हणतात. मी इथे धसकाच म्हणणार आहे.

डॉक्टर मॅडम, माझी आई चार घरची धुणीभांडी करते. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला तेव्हा आम्ही ओढ्याच्या काठालाच राहायचो. पाणी आईच्या छातीला लागलं. तिने मला आणि धाकट्याला माळ्यावर ढकललं. शेजारच्या मावशी गेल्या. आता आम्ही बिबवेवाडीत चढावर राहतो, इथे ओढ्याचं पाणी येऊच शकत नाही. तरी पाऊस लागला की आई रात्रभर बसून राहते. रेशनकार्ड आणि सगळ्यांची आधारकार्डं प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पोटाशी. छातीत धडधडतं म्हणून तीनदा ईसीजी काढला, तिन्ही वेळा नॉर्मल. एका डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली ती चार वर्षं चालू आहे. दोन दिवस चुकली तर हात थरथरतात. काही विचारलं की म्हणते, "मला कुठं काय झालंय, मावशी गेली, मी तर जिती आहे." तिला वेड लागतंय का?
— बी.कॉम.ला असलेली मुलगी, बिबवेवाडी

पोरी, वेड लागत नाहीये. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो, एवढंच झालंय. तुझ्या आईचं ताक म्हणजे पत्र्यावर वाजणारा पाऊस.

आपल्या बाकीच्या आठवणींवर तारखेचा शिक्का असतो. धाकट्याचं बारसं आठवलं तर ते कधीचं हे आईला ठाऊक असतं. त्या रात्रीच्या आठवणीवर तो शिक्का बसलेलाच नाही. म्हणून पाऊस लागला की तिला ती रात्र नुसती आठवत नाही, ती रात्रच परत सुरू होते. छाती धडधडते ती खरीच धडधडते. ईसीजी नॉर्मल आला म्हणजे आई खोटं बोलते असं नाही, हृदय ठीक आहे इतकंच त्यातून कळतं. चौथा ईसीजी काढू नकोस. त्या पैशात एकदा थायरॉइड आणि हिमोग्लोबिन बघून घे, कारण त्या दोन्हींनीही धडधडतं आणि आपल्याकडे बायकांचं रक्त कमी असणं ही काही बातमी नाही. आई मिश्री लावत असेल, चारही घरचा चहा पीत असेल, तर तेही डॉक्टरांना सांग. मी विचारते तेव्हा निम्मी उत्तरं तिथेच सापडतात.

"मावशी गेली, मी जिती आहे" हे वाक्य मी वेगवेगळ्या तोंडांतून ऐकलंय. वाचलेल्या माणसाला वाचल्याचा अपराध वाटतो, आणि तो धसक्याचाच भाग असतो. त्यावर वाद घालू नकोस. "तू काय करू शकणार होतीस?" असा प्रश्न तर मुळीच नको, कारण तिच्याकडे त्याची उत्तरं तयार आहेत आणि ती सगळी तिच्याविरुद्ध आहेत.

आता गोळी. इथे मला आधी स्वतःचे कान धरायला हवेत. मंडईत बसणाऱ्या एका भाजीवालीला मी स्वतः सात वर्षं अल्प्राझोलाम ही झोपेची गोळी दिली. तिला झोप लागायची, मला दुवा मिळायचा, रांग पुढे सरकायची. तिचा मुलगा तिच्या डोळ्यांदेखत बसखाली गेला होता, हे मला सात वर्षांनी कळलं, तेही तिच्या जावेकडून. मी विचारलंच नव्हतं. असल्या गोळ्या धसका बरा करत नाहीत, झाकून ठेवतात, आणि भीतीला सामोरं जाऊन ती ओसरण्याची जी वाट असते तीच बुजवतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 साली स्पष्ट सांगितलंय की अशा घटनेनंतरच्या पहिल्या महिन्यात ताणाच्या लक्षणांवर या जातीची औषधं देऊ नयेत. आपल्या सरकारनेही अल्प्राझोलाम एच-1 या यादीत घातलंय. औषधविक्रेत्याने त्याची वेगळी वही ठेवायची असते आणि चिठ्ठीशिवाय गोळी द्यायची नसते. पेठेतल्या कोपऱ्यावर काय चालतं ते तुम्हीही जाणता.

पण, आणि हे वाक्य दोनदा वाच, ती गोळी आईने एकदम बंद करायची नाही. चार वर्षांची सवय एका रात्रीत तोडली तर झटकेसुद्धा येऊ शकतात. हात थरथरतात ते त्याचंच लक्षण. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोडी थोडी कमी करत, काही आठवडे किंवा काही महिने घेऊन सोडायची. माझ्या भाजीवालीला पाच महिने लागले आणि शेवटच्या पाव गोळीसाठी तिने माझ्याशी भांडण केलं.

मग धसक्यावर गोळी नाहीच का? आहे, वेगळ्या जातीची. सर्ट्रालीनसारखी औषधं साधारण चार ते सहा आठवड्यांनी उपयोगी पडायला लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळतं, पोट बिघडतं, आणि बहुतेक बाया तिथेच सोडून देतात, कारण हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. ही औषधंही मनाने बंद करू नयेत. मात्र सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो बोलण्याच्या उपचाराला. गप्पा मारल्याने ते होत नाही. शिकलेल्या माणसाबरोबर, ठरवून, त्या रात्रीकडे हळूहळू परत जायचं आणि तिच्यावर तारखेचा शिक्का मारून घ्यायचा. ससून रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात केसपेपर काढून दाखवता येईल. तिथे दिवस मोडतो आणि चार घरचा खाडा पडतो, मला ठाऊक आहे. दोन घरच्या बायकांना आधी सांगून ठेवलं तर खाडा कापत नाहीत. उरलेल्या दोन कापतात, त्यांची नावं मी विचारत नाही.

तोवर 14416 हा नंबर घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेव. टेलि-मानस म्हणतात त्याला, केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलेली सेवा आहे. फुकट, दिवसरात्र, मराठीतही. पाऊस रात्री तीनला लागतो आणि माझा दवाखाना नऊला उघडतो.

आणि पावसाच्या रात्री तू काय करायचंस? "झोप आता, काही होत नाही" म्हणू नकोस. दिवा लाव. आईचे पाय फरशीला टेकू देत. हातात गार पाण्याचा तांब्या दे. आणि साधं बोल: "आई, आज अमुक वार, आपण बिबवेवाडीत चढावर, धाकटा तो बघ घोरतोय." श्वास घेताना नाही, सोडताना लांबवायचा. माझ्या बायका तो 'विठ्ठल' म्हणत सोडतात, 'विऽऽठ्ठऽऽल'. मी कोणताही देव लिहून दिलेला नाही, तो त्यांनीच आणला. पिशवी ओढून घेऊ नकोस. आधी ती पोटावरून उशाशी येऊ दे, मग खुंटीवर, मग कपाटात. प्रत्येक पायरीला पंधरा दिवस लागले तरी चालतील.

मी महापालिकेच्या दवाखान्यात नुकताच रुजू झालेलो एमबीबीएस आहे. सकाळच्या ओपीडीत एका रुग्णाला तीन मिनिटं मिळतात. अंगदुखी, डोकेदुखी, अशक्तपणा घेऊन येणाऱ्या किती बायकांच्या मागे मारहाण, अपघात, जळीत असेल याची मला कल्पना येते, पण विचारायची भीती वाटते. विचारलं आणि ती रडायला लागली तर? बाहेर साठ माणसं. मी उघडलेलं झाकण बंद कसं करू?
— एक तरुण डॉक्टर, हडपसर परिसर

डॉक्टर, 'झाकण' हा शब्द मीही वापरायची. नंतर लक्षात आलं, झाकण आधीपासूनच उघडं असतं, वाफ आपल्या तोंडावर येत असते, आपण फक्त त्याला 'गॅसेस' असं नाव देतो.

पहिली गोष्ट, एकटीला विचारा. नवरा सोबत असेल तर त्याला केसपेपरवर शिक्का आणायला पाठवा. शिक्का लागत नसला तरी पाठवा. सासू असेल तर सिस्टरना तिचं बीपी घ्यायला सांगा, सासवांना बीपी मोजून घेणं आवडतं.

दुसरी, प्रश्नाची वाट. अमेरिकेत निवृत्त सैनिकांसाठीच्या सरकारी यंत्रणेने प्राथमिक दवाखान्यासाठी पाच प्रश्नांची चाचणी तयार केली आहे, तिला पीसी-पीटीएसडी-5 म्हणतात. आधी विचारायचं की आयुष्यात असं काही भयंकर घडलंय का. 'हो' आलं तर मागच्या महिन्याबद्दल पाच गोष्टी. माझ्या बोलीत त्या अशा होतात: "ते स्वप्नात येतं का, नको असताना डोळ्यापुढे येतं का? ते आठवू नये म्हणून काही टाळता का, रस्ता, माणूस, जागा? सारखं सावध राहावं लागतं का, दचकता का? माणसांत असून नसल्यासारखं, बधिर वाटतं का? स्वतःला किंवा दुसऱ्याला दोष देणं थांबतच नाही, असं होतं का?" तीन किंवा त्याहून जास्त 'हो' आले तर पुढची नीट चौकशी करायची, काही ठिकाणी चार धरतात. एवढ्यावर निदान होत नाही, फक्त कुणाला पुन्हा बोलवायचं ते कळतं. आणि घटनेला महिना व्हायचा असेल तर घाई करू नका. बहुतेकांचा धसका त्या दिवसांत आपोआप ओसरतो. त्या काळात झोप, जेवण, सोबत आणि कागदपत्रांची मदत हेच औषध.

तिसरी, रडणं. रडली तर रडू द्या. पाण्याचा ग्लास पुढे करा आणि गप्प बसा. मी घड्याळ लावून पाहिलंय (माणूस मी वाईट आहे), चार मिनिटांच्या वर क्वचित जातं. आपल्याला वाटतं की आता हिची सगळी कहाणी ऐकावी लागणार. नाही! उलट ऐकू नका. "नेमकं काय केलं त्याने?" हे तुम्हाला औषध लिहायला लागत नाही. घडल्या घडल्या माणसाला सगळं ओकायला लावण्याने फायदा होत नाही, हे आता मान्य झालेलं आहे. तुम्ही एवढंच म्हणा: "हे तुमच्यावर फार वाईट घडलं. त्याचा शरीरावर असा परिणाम होतो, ह्याला इलाज आहे. पुढच्या मंगळवारी या, मी असेन." आणि मंगळवारी असा. बदली झाली तर तिला सांगून जा.

मरावंसं वाटतं का, हे सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. आलेलं असेल तर तोच माणूस सुटल्यासारखा श्वास सोडतो.

आता कायद्याच्या दोन गोष्टी, कारण नवे डॉक्टर इथे अडखळतात. मुलगी अठराच्या आतली असेल आणि लैंगिक अत्याचाराचं कळलं, तर 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. "मी कुणाला सांगणार नाही" असं वचन आधी देऊन बसू नका. आणि मारहाण अजून चालू असेल, म्हणजे ज्याचा धसका तोच रात्री ताट घेऊन समोर बसत असेल, तर तिचं दचकणं, जागं राहणं हा आजार म्हणून मोडून काढायचा नसतो. तो तिचा पहारा आहे. तिथे आधी सुरक्षितता: 181 ही महिला हेल्पलाइन, 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण अधिकारी, माहेरचं एखादं खमकं माणूस. आणि जखमा असतील तर त्या तुमच्या कागदावर नीट, मापासकट लिहा. 'पडून लागलं' असं तिने सांगितलं तर ते तिच्या शब्दांत लिहा, पण जखम जशी दिसते तशीही लिहा. पुढे कधीतरी तो कागद कामाला येतो.

हे सगळं गरिबांच्या दवाखान्यात खरंच जमतं का, असं तुम्ही मनात म्हणत असाल. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी स्थानिक, डॉक्टर नसलेल्या माणसांना समुपदेशनाचं शिक्षण देऊन प्राथमिक दवाखान्यांत बसवलं होतं. 2010 साली निष्कर्ष आले: सरकारी केंद्रांत उदासी आणि चिंतेचे रुग्ण जास्त प्रमाणात बरे झाले. खासगी दवाखान्यांत मात्र तसा फरक दिसला नाही. माझ्यासारख्या खासगी डॉक्टरला वाटतं की तिथला डॉक्टर मुळातच घरचा असतो म्हणून. पण हा माझा अर्थ, आणि त्यात माझा स्वार्थ आहे. धसक्याचं पाहायचं तर अमेरिकेत गरीब वस्त्यांतल्या दवाखान्यांत असा प्रयोग झाला, तो 2016 मध्ये छापून आला. पाठपुरावा करायला खास माणूस नेमला होता. ज्यांना तो मिळाला ते सुधारले, आणि ज्यांना नेहमीच्या उपचारांवर थोडीशीच भर मिळाली तेही सुधारले. दोघांत म्हणण्यासारखं अंतर निघालं नाही. मला वाचून आधी निराशा वाटली. मग वाटलं, पदं मंजूर होईपर्यंत थांबायचं काही कारण उरलं नाही.

तीन मिनिटांत धसका बरा होत नाही. पण तीन मिनिटं पाच वेळा म्हणजे पंधरा मिनिटं होतात, आणि ती पाच वेळा तुमच्याकडेच येणार आहे, डोकेदुखी घेऊन.

सुनेच्या अंगावर गॅसचा भडका उडाला होता, जखमा भरल्या पण ती शेगडीजवळ जात नाही, रात्री ओरडते. घरचे म्हणतात बाहेरचं आहे, देवऋषाकडे नेतात. मी काय करावं?
— एक सासूबाई, येरवडा

सासूबाई, तुम्ही सुनेसाठी पत्र लिहिलंत यातच माझा निम्मा ताप उतरला. देवऋषाशी भांडू नका, तुम्ही हरणार. अंगारा लावून घेतला तर लावू दे. मारहाण, धूर, उपास असलं काही करू लागला तर मात्र तिथून तिला उठवून आणा. आणि अंगारा लावलाय म्हणून डॉक्टरांची गोळी थांबवायची नाही, एवढी एक अट घाला. काही दिवस स्वयंपाक दुसऱ्या कुणी करा आणि त्याचं रोज बोलून दाखवू नका. अजून एक, भडका उडाला तेव्हा घरात कोण होतं, हे तिला एकटीला, प्रेमाने, एकदा विचारा. अपघातच असेल. पण विचारा.

मी 24 वर्षांचा, बाइकवर डिलिव्हरी करतो. मार्चमध्ये नवले पुलाच्या उतारावर माझ्या पुढे असलेल्या मित्राला ट्रकने उडवलं. मी काही करू शकलो नाही. तेव्हापासून त्या बाजूची ऑर्डर आली की रद्द करतो, रेटिंग पडलंय, हप्ता थकलाय. ट्रकचा एअरब्रेक वाजला की हातपाय गार. रात्री क्वार्टर मारल्याशिवाय झोप नाही. रीलमध्ये ईएमडीआर नावाच्या उपचाराबद्दल पाहिलं, चौकशी केली तर एका वेळचे 2,500 सांगितले. डोळे इकडून तिकडे फिरवून कुणी बरं होतं का? भोंदूगिरी असेल तर सांगा.
— रायडर, वडगाव

मित्रा, भोंदूगिरी नाही. फ्रान्सिन शापिरो नावाच्या अमेरिकन बाईंनी 1987 च्या सुमारास ही पद्धत काढली आणि आज जागतिक आरोग्य संघटना तिची शिफारस करते. डोळे फिरवण्याचाच गुण असतो का, यावर तज्ज्ञांत वाद आहे. आठवण मनात धरून तिच्याकडे पुन्हा पुन्हा, सुरक्षित जागी पाहणं, हा भाग मात्र सगळ्या चांगल्या उपचारांत सारखा आहे. त्यामुळे 2,500 नसतील तर जग संपलं असं नाही. सरकारी रुग्णालयात 'आघातावर काम करणारं कुणी आहे का' असं याच शब्दांत विचार. कुठेही गेलास तरी विचारायचं की याचं शिक्षण कुठे घेतलंत आणि साधारण किती भेटी लागतील. उत्तर द्यायला जो चिडेल त्याच्याकडून ऊठ.

क्वार्टरचं सांगते ते वाचून पान उलटू नकोस. दारूने डोळा लागतो, पण पहाटेची झोप मोडते, आणि वाईट स्वप्नं पहाटेच जास्त पडतात. म्हणजे तू ज्याला औषध समजतोस तेच तुला तीन वाजता ट्रकखाली नेऊन ठेवतंय. रोजची सवय असेल आणि सकाळी हात कापत असतील तर एकदम बंद न करता आधी डॉक्टरांना गाठ.

रस्ता. तू तो टाळतोस तेव्हा त्या क्षणी बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यानेच भीतीचं भाडं भरलं जातं. उलट दिशेने जायचं, पण बेतानं. रविवारी सकाळी सातला, रहदारी नसताना, मित्राच्या गाडीवर मागे बसून, पुलाच्या अलीकडे सर्व्हिस रोडला थांब. चहा घे. छाती धडधडेल. ती खाली येईपर्यंत तिथेच थांब, वीस मिनिटं, अर्धा तास. धडधड चालू असतानाच पळालास तर पुढची खेप आणखी अवघड. असं चार-पाच रविवार. मग स्वतः, मग दुपारी, मग ऑर्डर घेऊन. आणि गाडी चालवताना ते डोळ्यापुढे आलं तर मर्दानगी दाखवायची नाही, डाव्या बाजूला घेऊन थांबायचं. जेवण दहा मिनिटं उशिरा पोचलं तर गिऱ्हाईक मरत नाही. या पायऱ्यांनी रात्री जास्त बिघडल्या तर थांब आणि मदतीच्या माणसासोबतच पुढे जा.

"मी काही करू शकलो नाही" हे तू पत्रात दोनदा लिहिलंस, मी एकदाच छापलं.

आपल्या मागच्या अंकातील मजकूर वाचला. हल्ली कशालाही आघात म्हणण्याची फॅशन अमेरिकेतून आली आहे. 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला गेले, तेव्हा मी आठ वर्षांचा होतो, नारायण पेठेत. आम्ही पर्वतीवर पळालो. आजी देवघरातून निघायला तयार नव्हती. असो. पुढे दोन वर्षे पूरग्रस्तांसाठीच्या निसेन हटमध्ये (अर्धगोल पत्र्याच्या खोल्यांत) काढली, पत्र्याच्या एका पेटीत सारा संसार. आम्हाला कुणी समुपदेशन केले नाही. शिकलो, नोकरी केली, मुले मार्गी लावली. आजच्या पिढीला सहन करणे शिकवा.
ता.क. पावसाळ्यात खडकवासल्यातून किती क्युसेक विसर्ग सोडला हे मी रात्री तीनदा उठून मोबाइलवर पाहतो, ही केवळ नागरिक म्हणून जागरूकता आहे, याचा आपल्या विषयाशी संबंध लावू नये.
— एक ज्येष्ठ वाचक, कोथरूड

काका, नावाबद्दल तुमचं बरोबर आहे. ते अमेरिकेतूनच आलं, 1980 साली तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत शिरलं, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांमुळे. 'धसका' मात्र आपला आहे आणि तुमच्या आजीलाही ठाऊक असणार. सहन करण्याबद्दलही तुमचं बरंचसं बरोबर आहे: मोठ्या संकटातून गेलेली बहुतेक माणसं उपचारांशिवाय सावरतात. तुमच्या वेळी तर अख्ख्या पेठा एकाच दुःखात होत्या, निसेन हटमध्ये शेजारी बसलेल्याला वेगळं समजावून सांगावं लागत नव्हतं. याला मी उपचारच म्हणेन. माझ्या रायडरला तो मिळत नाही, त्याच्या शेजारी त्या उतारावर कुणी नव्हतं.

ताज्या कलमाचा संबंध लावू नका म्हणालात, नाही लावत. फक्त डॉक्टर म्हणून एवढं सांगते की या वयात रात्री तीनदा अंधारात उठणं खुब्याच्या हाडाला परवडणारं नाही. झोपेची गोळी मागायला जाऊ नका, तिने तोल आणखी जातो. कोथरूड नदीपात्रापासून किती उंचावर आहे ते तुम्ही मला शिकवाल. आठवडाभर मोबाइल रात्री मुलाच्या खोलीत ठेवून बघा. पहिल्या दोन रात्री फार वाईट जातील, आधीच सांगून ठेवते. लघवीला उठावं लागत असेल तर ते वेगळं, प्रोस्टेट दाखवून घ्या.

आणि काका, अख्ख्या पत्रात 'असो' एकदाच आलंय, आजीच्या वाक्यानंतर. त्याच्या पुढचं वाक्य तुम्ही चौसष्ट वर्षं लिहिलेलं नाही. मला पाठवायला हवं असं मुळीच नाही, छापणार तर नाहीच. पण घरात नात असेल, तिला दुपारच्या चहाला बसवून सांगून बघा. रात्री नको, दुपारीच. मध्येच थांबावंसं वाटलं तर थांबा, चहा प्या. ती विचारेल, "मग आजीचं काय झालं?" आठ वर्षांच्या मुलाला जेवढं दिसलं तेवढंच सांगा.